खंडेनवमीचे हडपसर आणि उन्हात उतरलेला रंग

काशी, रामेश्वर, बदरीनाथ आणि गिरनार पाहून झालेल्या माणसाने हडपसरच्या सहलीचे वर्णन लिहावे, याची आमच्या शनिवार पेठेत पुरेशी चेष्टा झाली आहे. शेजारचे अण्णा म्हणाले, "निघण्यापूर्वी मृत्युपत्र करून ठेवा. परतीची वाट सापडेलच असं नाही." अण्णांच्या मनात पुण्याची वेस अजून जुन्याच जागी आहे. खरे सांगायचे तर माझ्याही मनात ती फारशी सरकलेली नव्हती. मी हडपसर शेवटचे पाहिले तेव्हा तेथे भाजीचे मळे होते आणि मोटेच्या जागी नुकते पंप आले होते.

जाण्याचे कारण एका दूरध्वनीने घडले. माझी जुनी विद्यार्थिनी प्रज्ञा हिने नवरात्रात फोन केला. मी पेठेतल्या एका शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले. प्रज्ञाचे वडील टपालखात्यात होते, घर बौद्ध, आणि त्यांच्या वस्तीतून संस्कृत घेणारी ती पहिली मुलगी. तिचा विसर्ग इतका स्वच्छ असे की वर्गातल्या वैदिक घराण्यांतील मुलांना मी तिच्याकडून पाठ म्हणवून घेत असे. पुढे ती रसायनशास्त्राकडे वळली, डॉक्टरेट झाली आणि आता सांडपाणी शुद्ध करण्यावर संशोधन करते. ती म्हणाली, "सर, माझा प्रयोग सूर्यावर चालतो. तुम्ही रोज त्याला अर्घ्य देता. एकदा त्याचं हे कामही बघून जा."

अशा निमंत्रणाला नकार देणे मला जमले नाही.

खंडेनवमीच्या सकाळी देवीची पूजा आटोपून निघालो. ज्यांना याच वाटेने जायचे असेल त्यांच्यासाठी लिहितो: पेठेतून स्वारगेटपर्यंत रिक्षा करावी आणि स्वारगेटहून हडपसर गाडीतळाची बस धरावी. बस भरपूर आहेत, तिकीट किरकोळ आहे, मात्र सुटे पैसे जवळ ठेवावेत. वाहकाशी सुट्यांवरून वाद घालून आजवर कोणी जिंकलेला मला ठाऊक नाही. त्या दिवशी प्रत्येक बसच्या नाकावर झेंडूची माळ होती आणि चाकांना हळदकुंकवाची बोटे. आमच्या बसच्या चालकाने गिअरच्या दांड्यालाही कुंकू लावले होते. नंतर तो दांडा ओढताना त्याचा तळवा लाल झाला आणि प्रत्येक थांब्यावर तो हात पँटला पुसत राहिला.

गोळीबार मैदान, पुलगेट, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, फातिमानगर असा रस्ता जातो. मधोमध बससाठी वेगळी वाट राखली आहे, आणि तिच्यात बस सोडून सर्व प्रकारची वाहने दिसतात. त्यापुढे मात्र मी खिडकीला नाक लावले. जेथे मेथी आणि कोथिंबिरीचे वाफे पाहिले होते तेथे काचेच्या निळसर इमारती उभ्या होत्या. त्यांच्या फाटकांवर आंब्याची तोरणे होती. शेजारी बसलेला तरुण अशाच एका इमारतीत नोकरीला होता. त्याने सांगितले की त्यांच्या कार्यालयात सकाळी सर्व संगणकांची पूजा झाली, आणि एकाने भक्तिभावाने पडद्यावरच गंध लावल्यामुळे त्याला दिवसभर आकड्यांच्या मधोमध टिळा दिसणार आहे. "पण काका, हाफ डे मिळाला, सो चालतंय," असे म्हणून तो कानात वायरी घालून मोकळा झाला. मला हसू आले आणि बरेही वाटले. विळाकोयत्यांची पूजा करणाऱ्यांची नातवंडे संगणकाची पूजा करतात, यात मला काही तुटलेले दिसले नाही.

गाडीतळाला उतरताच सीताफळांच्या पाट्या दिसतील. सासवडकडचा हा माल आश्विनात उत्तम असतो. माझा नवरात्राचा उपवास असल्याने मी दोन सीताफळे तेथेच उभ्या उभ्या खाल्ली. ज्यांना उपवास नाही त्यांनी मिसळीचा शोध घ्यावा. नुसत्या वासावरून मी तिची शिफारस करतो. तेथून सामायिक रिक्षाने औद्योगिक वसाहतीपर्यंत जाता येते. चालक तिघांच्या जागी पाच बसवतो, तेव्हा अंग चोरून बसण्याची तयारी हवी.

प्रज्ञाचा प्रयोग जेथे मांडला होता तो शब्बीरभाईंचा कारखाना वसाहतीच्या टोकाला, कालव्याच्या बाजूला आहे. येथे सूत आणि कापड रंगवतात. शब्बीरभाईंचे घराणे पिढ्यान् पिढ्या पुण्यात रंगाचे काम करत आले आहे. पूर्वी हा धंदा पेठेत होता, नंतर तो येथे हलला. ते स्वतः फाटकात आले. साठीचे, उंच, आणि नखांत कायमचा निळा रंग. त्यांनी माझ्यासाठी केळी आणि खजूर वेगळे काढून ठेवले होते. "मॅडम बोलल्या, सरांचा उपास आहे. ह्या टेबलावर आज दुसरं काही ठेवू दिलं नाही मी," असे ते म्हणाले.

त्यांच्यापुढचा प्रश्न त्यांनीच चहा घेता घेता सांगितला. कापड रंगवल्यावर उरलेले रंगीत पाणी त्यांच्या आणि शेजारच्या तीन कारखान्यांच्या सामायिक गटारातून जाते. हे पाणी स्वच्छ केल्याशिवाय सोडू नका, अन्यथा काम बंद ठेवा, अशी सरकारी ताकीद त्यांना मिळाली होती. नेहमीच्या टाकीत गाळ खाली बसतो, परंतु विरघळलेला रंग तसाच पुढे जातो. नवे यंत्र बसवायचे तर चौघांनी मिळून बसवायला हवे होते. दुसरीकडे एका बांधकाम व्यावसायिकाने या जागेला चांगला भाव देऊ केला होता आणि तो दसऱ्याला होकार घ्यायला येणार होता. मुलगा म्हणत होता, विकून टाकू. शब्बीरभाईंनी प्रज्ञाला एक दिवस दिला होता: खंडेनवमी. त्या दिवशी चारही कारखाने बंद, म्हणून बाकीचे तिघे मालक पाहायला येऊ शकत होते. त्यांना पटले तर कारखाना राहणार, नाही पटले तर दुसऱ्या दिवशी जागा जाणार.

प्रज्ञा मागच्या अंगणात होती. मी तिला हाक मारली तेव्हा ती वळली, हसली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की काहीतरी बिनसले आहे.

अंगणात दोन उतरत्या चौकटी होत्या, आपल्याकडे पापड वाळत घालायला खाट तिरपी करतात तशा. त्यांवर काचेचे तक्ते, आणि तक्त्यांवर पांढुरका पातळ लेप. वरून रंगीत पाण्याचा पापुद्रा सोडायचा, खाली ते हौदात जमते, पंप ते पुन्हा वरच्या टाकीत नेतो. एका चौकटीवर ऊन पडू द्यायचे आणि दुसरी काळ्या ताडपत्रीने झाकायची, म्हणजे फरक प्रकाशाचाच आहे हे दिसावे. अशी तिची योजना होती. प्रत्यक्षात उन्हातल्या चौकटीवर उसाची कमान उभी होती. प्रत्येक तक्त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचे मोठे स्वस्तिक होते, वर हळदीचे सडे, आणि झेंडूच्या माळा अशा दाट की खालची काच दिसू नये. पंपालाही माळ होती. कारखान्यातले सर्वांत नवे आणि सर्वांत मोलाचे यंत्र म्हणून कामगारांनी पहाटे येऊन त्याची सर्वांत थोरली पूजा बांधली होती.

"सर, माझ्या यंत्राला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता," प्रज्ञा हळूच म्हणाली. "आणि ह्या मानाखाली उन्हाचा एक किरणसुद्धा पोचत नाही."

मुख्य कारागीर ज्ञानूतात्या हे फुरसुंगीकडचे, शब्बीरभाईंच्या वडिलांपासून येथे असलेले. त्यांची समजूत स्पष्ट होती: पूजेला बसवलेले अवजार दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही. शब्बीरभाई मालक असूनही या बाबतीत बोलत नव्हते. तात्यांची पूजा तात्यांची, असा तिथला अलिखित रिवाज. प्रज्ञाही बोलत नव्हती. तिचे कारण मला न सांगता कळले. तिच्या घरी ही पूजा होत नाही, आणि मांडलेली पूजा तिच्या हाताने उतरली असती तर त्याचा अर्थ चार तोंडी चार प्रकारचा झाला असता. एवढ्यात तिघे मालक आले. त्यांतले एक गृहस्थ, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले, चौकटीभोवती एक प्रदक्षिणा करून म्हणाले, "बाई, झेंडूनं सांडपाणी स्वच्छ होतं हे आम्हाला आधी सांगायचं. आम्ही मंडईतून पाटी आणली असती."

कोणी हसले नाही. मी तात्यांजवळ जाऊन बसलो.

मी त्यांना म्हणालो की मी स्वतः सकाळी पूजा झालेल्या बसने आलो, तीही चालत होती. तात्या म्हणाले, "तिचा पगार सरकार देतंय, गुरुजी. तिला काय, ती दिवाळीतबी चालती." मग मी शास्त्रार्थाकडे वळलो. ज्या देवतेला आवाहन केले तिला सन्मानाने निरोप देता येतो, त्यालाच उत्तरपूजा म्हणतात. गणपती काही घरी दीड दिवसाचा असतो, काही घरी दहा दिवसांचा. दोन्ही घरे भाविकच. मात्र निरोप देण्याचा अधिकार ज्याने आवाहन केले त्याचाच. "तुमच्या वतीनं मी मंत्र म्हणेन," मी म्हणालो, "पण अक्षता तुमच्या हातूनच पडायला हव्यात. तुम्ही नको म्हणालात तर मीही नको म्हणेन."

तात्या माझ्याकडे न पाहता प्रज्ञाकडे पाहत म्हणाले, "बाई, तुमी सांगा. हळद ऱ्हायली तर काय हुतं?"

"जिथं हळद, तिथं सावली," प्रज्ञा म्हणाली. "सावलीत हे काम करत नाही, तात्या. दुसरं काही नाही. पण तुम्ही मनापासून मांडलंय. मी त्याला हात लावणार नाही. आज राहायचं असेल तर राहू दे."

तिच्या आवाजात रुसवा नव्हता. हातातली संधी जात असताना ती इतक्या सहजपणे ती सोडायला तयार होती की तात्यांचीच पंचाईत झाली. ते उठले आणि तांदूळ आणायला गेले.

आम्ही विधिवत् उत्तरपूजा केली. तात्यांनी अक्षता वाहिल्या, तक्ता किंचित हलवला, माळा स्वतः उतरवल्या आणि उसाची कमान पंपाकडे नेऊन तेथे उभी केली. पंपाचे आवाहन त्यांनी परत घेतले नाही. पंप हे खरे यंत्र, त्याला आज विश्रांतीच, असा त्यांचा निकाल. तक्त्यांचे काय, तर तिथे काम सूर्य करतो, आणि सूर्याने खंडेनवमीची सुट्टी घेतल्याचे त्यांच्या ऐकिवात नव्हते. आता पंपावाचून पाणी वर कसे चढवायचे? एका कामगाराने बादल्यांकडे बोट दाखवले. दुसऱ्याने शंका काढली की बादली हेही अवजारच. तात्यांनी विचारले, "पूजा केली का तिची?" नव्हती केली. "मग ती मोकळी हाय." आणि सात-आठ माणसांनी रांग लावून रंगाचे लाल पाणी हाताने वरच्या टाक्यांत चढवायला सुरुवात केली.

तक्ते साबणाने पुसले तरी हळदीचा अंश राहिलाच. खाली हौदात उतरलेले पहिले पाणी पाहून चष्मेवाले म्हणाले, "आधी लाल होतं, आता केशरी झालं. प्रगती आहे." या वेळी सगळे हसले, शब्बीरभाईसुद्धा. प्रज्ञाने एवढेच विचारले, "तुमच्या घरी धोतराला हळदीचा डाग पडला तर काय करतात?" उन्हात घालतात, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ती म्हणाली की उन्हात हळद जाते तेव्हा तिचा रंग धरणारा रेणू मोडतो. कापडाचे रंग तितके भोळे नसतात, ते ऊन पचवतात. म्हणून हा लेप. त्यावर प्रकाश पडला की लेपातले विद्युत्कण उड्या घेतात आणि पाणी व हवा यांपासून क्षणभर टिकणारे, अत्यंत जहाल असे कण तयार होतात. ते रंगाचे रेणू कुरतडत जातात. लेप मात्र संपत नाही.

मला राहवले नाही. मी म्हणालो, स्वतः अलिप्त राहून केवळ सान्निध्याने कार्य घडवणे, हे आमच्या शास्त्रात साक्षीचे लक्षण आहे.

"तितका अलिप्त नाही, सर," ती म्हणाली. "हा लेप म्हणजे उत्प्रेरक. तो कामात उतरतो, देवाणघेवाण करतो, आणि मग पूर्वस्थितीला येतो. साक्षीपेक्षा तो कर्मयोग्याच्या जवळ आहे."

पन्नास माणसांपुढे व्याख्याने दिलेला मी, एका रंगकारखान्याच्या अंगणात हरलो होतो आणि मला त्याचा आनंद झाला होता. शिष्याकडून हरण्याची इच्छा धरावी, असे जाणते सांगत आले. ती इच्छा पुरी होते तेव्हा कसे वाटते, हे मला त्या दुपारी कळले.

पुढचे काम पाहण्यासारखे होते. लेपाची कळ म्हणजे प्रकाश. उन्हातल्या चौकटीवर तिने एक पडदा बसवला होता आणि त्याची दोरी तिने चष्मेवाल्यांच्या हातात दिली. त्यांनी पडदा ओढला. दोन पेले भरून घेतले, थोड्या अंतराने. दोन्हींचा रंग सारखा. पडदा उघडला. पुढचा पेला आधीच्यापेक्षा फिका. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा उघडला. हळूहळू ते आमच्याशी बोलेनासे झाले. चहा आला तो त्यांनी एका हाताने घेतला, कारण दुसऱ्यात दोरी होती. ताडपत्रीखालच्या चौकटीतले पाणी मात्र सुरुवातीइतकेच लाल होते.

तथापि उशीर झाला होता, तो झालाच होता. आश्विनातले ऊन लवकर कलते. शेडची सावली तक्त्यांवर चढू लागली तेव्हा हौदातले पाणी फिके गुलाबी होते, निर्मळ नव्हते. कामगारांनी बादल्या ठेवल्या. प्रज्ञाने चौघा मालकांसमोर स्वच्छ सांगितले, "पूर्ण झालेलं नाही. आणि रंग गेला म्हणजे सगळं गेलं असंही नसतं; मोडलेल्या रेणूंचे तुकडे उरतात, ते मोजावे लागतात. त्याची तपासणी मी करणार आहे. पावसाळ्यात दिव्याचा प्रकाश द्यावा लागेल, त्याला वीज लागेल. हे आधीच सांगते."

मी मनात म्हणालो, मुली, एवढे खरे आजच सांगायला हवे होते का? आणि लगेच लक्षात आले की सत्य बोल, हे मीच तिच्या वर्गाला शिकवले होते. तिघे मालक "बघू" म्हणून गेले. शब्बीरभाईंनी झाकलेल्या चौकटीतला एक पेला आणि उघड्या चौकटीतला एक पेला भिंतीवर शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. आम्ही निघालो तेव्हाही ते तिथेच होते.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. हडपसरहून सायंकाळी निघणाऱ्यांनी गाडीतळावरूनच बसावे, म्हणजे जागा मिळते. स्वारगेटला उतरलो तेव्हा माझ्या पांढऱ्या धोतरावर गुलाबी शिंतोडे होते. घरी विचारले, सहल कशी झाली? मी म्हणालो, उद्या सांगतो. निकाल माझ्याजवळ नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी दार वाजले. प्रज्ञा आणि तिची आई. दोघी शुभ्र साड्यांत. विजयादशमी हा त्यांच्या धम्मदीक्षेचा दिवस, विहारातून थेट आल्या होत्या. आई म्हणाल्या, "जय भीम, सर." मीही जय भीम म्हणालो आणि त्यांना झोपाळ्यावर बसवले.

प्रज्ञाने सांगितले की बांधकामवाले सकाळी पेढे घेऊन शब्बीरभाईंकडे आले होते. शब्बीरभाईंनी त्यांच्यासमोर ते दोन पेले ठेवले. "मी आयुष्यभर रंग चढवला," ते त्यांना म्हणाले. "चढलेला रंग उतरताना काल पहिल्यांदा पाहिला. आता ते काम अर्ध्यावर सोडून मला झोप यायची नाही. पेढे मुलांना द्या." जागा विकायची नाही, दिवाळीनंतर आणखी दोन चौकटी बसवायच्या, आणि खर्चात पहिला वाटा चष्मेवाल्यांचा. त्यांनी रात्रीच फोन करून विचारले होते की पडद्याची दोरी थोडी लांब करता येईल का.

जाताना प्रज्ञाने एक काचेची बाटली दिली. त्यात त्या दिवशीचे उरलेले गुलाबी पाणी होते आणि लेप दिलेली काचेची एक पट्टी. "खिडकीत ठेवा, सर. आणि हे पिण्याचं नाही, तीर्थ समजून कुणाला देऊ नका."

एवढ्या वर्षांत मी तीर्थस्थाने पुष्कळ पाहिली. सर्वत्र लोक पाण्याकडे पावित्र्य मागायला जातात. पाण्याला ते परत देणारी माणसे मला हडपसरात भेटली, आणि त्यांत माझी विद्यार्थिनी अग्रभागी होती. आपण जाल तर आधी विचारून जावे, कारण ते प्रेक्षणीय स्थळ नाही, कामाची जागा आहे. जुन्या चपला घालाव्यात.

बाटली आमच्या पुढच्या खिडकीत आहे. ऊन सरकते तशी मी ती सरकवतो. नरक चतुर्दशीच्या सकाळी पाहिले, तर पलीकडच्या रस्त्यावरचा आकाशकंदील तिच्यातून आरपार दिसत होता. फराळाला आलेले अण्णा तिच्याकडे पाहून म्हणाले, "हे काय, गंगाजल?" मी सांगितले, हडपसरच्या गटाराचे पाणी. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, उलटीसुलटी केली आणि हे कसे काय, असे विचारले.

मला आता पुष्कळसे समजावून सांगता येते. तरी मी सांगत नाही. प्रज्ञाला फोन लावतो, आणि अण्णांच्या हातात देतो.